सिप्रोसचे सदतीस टॅग

आधीच सांगून ठेवते, यातल्या एका बाईचं नाव मी बदललंय आणि तिच्या छत्रीचा रंगसुद्धा. तेव्हा हुडकत बसू नका. सिप्रोसचं नाव मात्र खरं आहे. ते तिनेच घालायला सांगितलं. "घाल माझं नाव," म्हणाली, "नाहीतरी तुझ्या तोंडात तीळ भिजत नाही."

मी रिस्पर. सरोवराकाठच्या आमच्या दवाखान्यात वजनकाट्यावर बसते. माझ्या शेजारी हातभर अंतरावर नोंदणीचं टेबल, आणि त्या टेबलावर सिप्रोस. अकरा वर्षं आम्ही दोघी एका खिडकीवरून भांडतोय. मला वारा लागतो. तिला वाऱ्याबरोबर येणारा वाळत घातलेल्या ओमेनाचा, म्हणजे बारक्या मासळीचा, वास सोसत नाही. गंमत बघा, लग्न होऊन आल्यावर वीस वर्षं हीच बाई किनाऱ्यावर ओमेना वाळवत होती! मी खिडकी उघडायची, तिने लावायची. असा आमचा दिवस जायचा.

तिचं माहेर खाडीपलीकडे, उयोमाला. म्हणून सगळे तिला उयोमाची लेक म्हणतात. नातवंडं झाली तरी लेक ती लेकच. नवरा गेल्यावर ती दवाखान्यात फरशी पुसायला लागली. पुढे कॉम्प्युटर आले आणि जुना कारकून त्यांना घाबरून जो रजेवर गेला तो परतलाच नाही. डॉक्टर म्हणाले, कोणाला वाचता येतं? ही बादली खाली ठेवून पुढे झाली. शेहेचाळिसाव्या वर्षी दोन बोटांनी टाईप करायला शिकली. चष्म्याची दांडी मोडली होती ती तिने परकराच्या रबराने बांधली. आजही तशीच आहे.

त्या कॉम्प्युटरात प्रत्येक पेशंटचं एक कार्ड असायचं आणि कार्डाच्या तळाशी एक रिकामी चौकट. तिला टॅग म्हणायचे. ज्याला जे सुचेल ते त्याने लिहावं, विचारणारं कोणी नाही. डॉक्टर ताप एका शब्दात लिहायचे, नर्स दुसऱ्या, औषधवाला तिसऱ्या. मीही मागे नव्हते. 'भांडखोर', 'गोडबोल्या', 'काट्यावर चपला काढत नाही' असले टॅग माझे. पण सिप्रोसच्या टॅगची तऱ्हाच निराळी. 'निळी छत्री'. 'मोडका दात'. 'तीन आंबे'. 'पाठमोरी गाते'. आणि एकदा लिहिलेला टॅग बाई दुसऱ्या कार्डावर कधी वापरायची नाही.

"अगं, हा दवाखाना आहे की उखाण्यांची वही?" मी म्हणायचे.

"तू तुझा काटा सांभाळ," ती म्हणायची, "आपोआप हलतोय तो. तू टेकून बसलीयस."

मी समजले, बाईचं वय झालं. आणखी एक खोड होती तिला. सगळे चहाला गेले की ही हळूच माझ्या काट्यावर उभी राहायची. दोनदा मी पकडली. "कुठल्या नवरदेवाला दाखवायचंय गं?" म्हटलं. तर म्हणते, "तुझ्या नवऱ्याला. तो परवा विचारत होता, हलकी बायको कुठे मिळेल." असलं तिचं तोंड!

तर एका शुक्रवारी नैरोबीहून म्वेंदे आली. ती कांबा जमातीची. आमची भाषा तिला येत नव्हती, स्वाहिलीत बोलायची, पण हसरी मुलगी. तिने आम्हा अकराजणांना बसवलं आणि भिंतीवर पडदा लावून आमची अब्रू काढली. एकट्या तापाची एकोणीस रूपं! मी लिहिलेलं 'भांडखोर'सुद्धा पडद्यावर आलं. ड्रायव्हर ओडेरा दारात उभा राहून खदाखदा हसला.

मग म्वेंदे गंभीर झाली. तिच्या बहिणीच्या मुलीच्या रक्तात जन्मापासून दोष होता. एका दवाखान्याने तो कार्डावर एका शब्दात लिहिला, दुसऱ्याने दुसऱ्या. तिसऱ्या दवाखान्यातल्या नर्सला त्यातला एकही शब्द ओळखीचा नव्हता. तिने साधा ताप समजून पोरीला घरी पाठवलं. पोरगी वाचली नाही.

"म्हणून आता टॅग बंद," ती म्हणाली. "बेचाळीस दवाखान्यांना मिळून एकच यादी. चौसष्ट लेबलं. त्यातलंच निवडायचं. नवीन हवं असेल तर अर्ज करायचा, दर बुधवारी समिती बसते. मलासुद्धा एकटीला त्यात काही घालता येत नाही. तो नियम मीच केलाय, माझीही चूक होऊ नये म्हणून. जुने टॅग आम्ही जुळवून घेतलेत. जे सगळ्या बेचाळीस ठिकाणी मिळून एकदाच लिहिले गेलेत, ते मात्र कचरा म्हणून सोडून दिलेत. कोणाचं काही राहतंय का?"

मी सिप्रोसला कोपराने ढोसलं. "तुझे तीन आंबे गेले बघ कचऱ्यात." ती चष्म्याच्या रबराशी चाळा करत बसली होती. दाराकडे पाहिलं, ओडेराकडे पाहिलं, आणि म्हणाली, "माझं काय राहणार? म्हातारीची बडबड ती."

इथे चुकलं. ती स्वतःच कबूल करते, इथेच चुकलं.

सोमवारी सकाळी नवीन पडदा सुरू झाला. सगळं चकाचक. म्वेंदे सिप्रोसच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, "मावशी, एक बातमी. तारीख चुकवणाऱ्यांना तुम्ही एकेकाला फोन करायचात ना? आता नको. मशीनच संदेश धाडेल. आज अकरा वाजता पहिला जाणार, रोजच्या गोळ्यांवर असलेल्या सगळ्यांना एकदम. 'तुमच्या एचआयव्हीच्या गोळ्यांची आठवण यापुढे या नंबरवरून येईल.' मग दर सोमवारी."

"सगळ्यांना?"

"सगळ्यांना."

घड्याळात दहा वाजून दहा मिनिटं झाली होती. सिप्रोसच्या तोंडचं पाणी पळालं. अकरा वर्षांत मी तिला असं पाहिलं नव्हतं. तिने म्वेंदेचं मनगट धरलं, दुसऱ्या हाताने माझं, आणि आम्हाला ओढत औषधांच्या कोठीत नेऊन दार लावलं.

"पोरी, आपोंडीला संदेश गेला तर ती संपली," ती म्हणाली.

आपोंडी म्हणजे निळी छत्री. ओडेराच्या भावाची बायको. भाऊ नावाडी, तापट, आणि घरातला एकुलता एक फोन त्याच्या खिशात. आपोंडी चार वर्षं त्याच्या नकळत गोळ्या घेत होती. मागल्या साली कोणीतरी त्याच्या कानात नुसतं काही सांगितलं, तर त्याने तिची भांडी अंगणात फेकली, तिला मुलांदेखत मारलं, आणि पुन्हा ऐकलं तर सरोवरात बुडवीन म्हणाला. हा बुडवतो म्हणाला की बुडवणारा माणूस. आपोंडी दर गुरुवारी, बाजाराच्या दिवशी, मागच्या खिडकीशी यायची. छत्री दिसली की सिप्रोस गोळ्या काढायची. टोपलीत ओमेनाखाली गोळ्या, वर केळीचं पान, की चालली बाई बाजाराला. तिला फोन करायचा नाही, घरी कोणाला पाठवायचं नाही. ती येईल तेव्हाच बोलायचं.

"आणि मोडका दात?" मी विचारलं.

"तीही. तीन आंबेही. सदतीस आहेत."

"पण सगळ्यांना एकच खूण का नाही केलीत, मावशी?" म्वेंदेने विचारलं. "एकच टॅग असता तर मी टाकला नसता हो!"

"एकच खूण असती तर कोणीही ती दाबून सदतीस नावं एका दमात काढली असती. जेवणाच्या सुट्टीत ओडेरा माझ्या खुर्चीवर येऊन बसतो, गाणी ऐकायला. त्याला कॉम्प्युटर माझ्यापेक्षा चांगला येतो."

"शुक्रवारी मला बाजूला घेऊन का नाही सांगितलंत?"

"मला वाटलं, टॅग गेले तर गेले. सदतीसच्या सदतीस मला तोंडपाठ आहेत. फोन तर मीच करणार होते ना! मशीन स्वतः बोलतं हे कुठं ठाऊक होतं मला?"

म्वेंदे हातमोज्यांच्या खोक्यावर मटकन बसली. "मी पुसले ते," म्हणाली. "मी स्वतः बसून, एकेक." मग उठली आणि नैरोबीला फोन लावला. साहेब म्हणाले, बेचाळीस दवाखान्यांचा संदेश सदतीस जणींसाठी थांबवता येणार नाही. नवीन लेबलाचा अर्ज कर, बुधवारी बघू. म्वेंदे त्यांच्याशी भांडली, मग रडकुंडीला आली. बुधवार! बुधवारपर्यंत आपोंडी कुठे असती?

"नंबरच पुसून टाका की," मी म्हटलं.

"आठवडाभर नंबरांना कुलूप आहे. बदल चालू असताना कोणी घोळ घालू नये म्हणून." हेही तिनेच केलेलं. "फक्त लेबल बदलता येतं."

"मग त्या चौसष्टांत असं एकही नाही का, ज्याला संदेश जात नाही?"

तिने यादी खालपर्यंत नेली. सगळ्यात शेवटी थांबली आणि आमच्याकडे बघेना. मी वाकून पाहिलं. 'मयत'.

आमच्याकडे जिवंत माणसाच्या नावाने मरणाची हाक देत नाहीत. चेष्टेतसुद्धा नाही. माझ्या आजीने अशा एका चेष्टेवरून सख्ख्या भावाशी बोलणं सोडलं होतं. सिप्रोस तर रविवारी पांढरा झगा घालून चर्चमध्ये पहिल्या रांगेत बसणारी. ती नुसती त्या शब्दाकडे बघत राहिली. घड्याळात दहा छत्तीस.

"मी करते, मावशी," म्वेंदे म्हणाली. "पाप मला लागू दे."

"तू नको. तू परकी आहेस, त्या तुला ओळखत नाहीत. माझ्या हातून झालं तर रागावणार नाहीत."

कोठीतल्या औषधांच्या कॉम्प्युटरवर ती बसली. मी दाराला पाठ लावून उभी. ती एक नाव सांगायची, म्वेंदे कार्ड उघडायची, आणि सिप्रोस आपल्या त्या दोन बोटांनी बाईला मारायची. प्रत्येक वेळी बोट उचललं की पुटपुटायची, "जिवंत आहेस. जिवंत आहेस हो." आपोंडी पहिली. मग एकामागून एक. ना कागद, ना वही. मला रडू येत होतं आणि घाईही होत होती, दोन्ही एकदम.

मध्येच ओडेराने दार वाजवलं. गाडीची किल्ली हवी होती त्याला.

"आत बायकांचं चाललंय," मी ओरडले. "येतोस मदतीला?"

तो पळाला.

छत्तीस झाल्या आणि सिप्रोसची बोटं थांबली.

"सदतीस म्हणालात," म्वेंदे हळूच म्हणाली. "एक राहिली. चार मिनिटं आहेत, मावशी."

सिप्रोसने स्वतःच शेवटचं कार्ड उघडलं, पडदा माझ्याकडे वळवला आणि खुर्चीवरून उठली. "ही तू कर, रिस्पर. मला नाही करवत."

कार्डावर तिचं नाव होतं.

गोळ्या सुरू झाल्याची नऊ वर्षांपूर्वीची तारीख. फोन नंबर तिच्या थोरल्याचा, ओमोलोचा, कारण तेव्हा तिच्याकडे फोनच नव्हता. म्हणजे चहाच्या वेळी काट्यावर चढत होती ती यासाठी. आणि मी तिला नवरदेवावरून चिडवत होते! जीभ झडली असती तर बरं झालं असतं. हातभर अंतरावर बसून नऊ वर्षं मला कळलं नाही, मला, जी गावातल्या प्रत्येकाचं वजन सांगते. म्वेंदेने टाकून दिलेल्या टॅगची आपली यादी फोनवर उघडून माझ्यापुढे धरली. सिप्रोसने स्वतःच्या कार्डावर लिहिलेला टॅग होता 'खिडकी बंद'.

मी दाबलं. आणि तिच्यासारखं पुटपुटले नाही. चांगलं मोठ्याने म्हणाले, "जिवंत आहेस गं बाई तू. जिवंत आहेस!"

"हळू," ती म्हणाली. "अख्ख्या गावाला सांगतेस का?"

अकरा वाजले. बाहेर रांगेत इथेतिथे फोन वाजले. कोणी वाचले, कोणी पिशवीत टाकले. ओडेरा गाडी धूत होता. त्याच्या भावाचा फोन सरोवरावर कुठेतरी त्याच्या खिशात गप्प राहिला.

पण अकरा वीसला आमच्याकडचा फोन वाजायला लागला तो थांबेच ना. एका दवाखान्यात एका सकाळी सदतीस मृत्यू! वरच्या मोठ्या डॉक्टरांचं धाबं दणाणलं. पाण्यातून कसली साथ आली का? बोट उलटली का? दोन गाड्या निघाल्याच होत्या आमच्याकडे. म्वेंदेने फोन हातात घेतला. "कोणी मेलेलं नाही, साहेब," ती म्हणाली. "आपल्या यादीत या बायकांना जिवंत राहायला जागा नव्हती, म्हणून मारावं लागलं." मग सगळं सांगितलं, नाव एकाचंही न घेता. बुधवारची समिती सोमवारीच दुपारी दोन वाजता फोनवर बसली.

लेबलाला नाव काय द्यायचं, असं म्वेंदेने सिप्रोसला विचारलं. ती म्हणाली, "फक्त समक्ष." फोन नाही, निरोप नाही, घरी माणूस नाही. आली की बोला. पासष्टावं लेबल. सिप्रोसने म्वेंदेकडून तीनदा वदवून घेतलं की ते दाबून नावांची यादी कोणालाही काढता येणार नाही. तरी भरवसा वाटेना. मग मला बसवून काढायला लावली. मला नाही निघाली, तेव्हा तिला पटलं.

चारच्या सुमारास तिने छत्तीस जणींना परत उठवलं. प्रत्येकीवर 'फक्त समक्ष' लावलं. स्वतःच्या कार्डावरचं 'मयत' काढलं आणि पुढे काहीच लावलं नाही.

"आणि हे?" मी विचारलं.

"राहू दे मोकळं."

"अगं, पुढल्या सोमवारी ओमोलोला जाईल संदेश."

"जाऊ दे. आठ दिवस आहेत माझ्याकडे." तिने चष्मा पुसला. "आज एकदा मेले ना मी, रिस्पर. तू मारलंस. तेव्हा मनात पहिला विचार काय आला सांगू? पोराला काही न सांगता गेले."

गुरुवारी निळी छत्री आली. सिप्रोसने खिडकीतून तिचा हात जो धरला तो सोडेचना. "काय गं म्हातारे, खातेस का हात?" आपोंडी हसली. पाच तास आपण मेलो होतो हे तिला अजून माहीत नाही. केळीचं पान वर टाकून गेली बाजाराला.

त्याच दिवशी म्वेंदे निघाली. तिच्या कॉम्प्युटरवर बाकीच्या दवाखान्यांचा आकडा येत होता. तीन दिवसांत 'फक्त समक्ष' हे लेबल आठशेच्या वर कार्डांना लागलं होतं. प्रत्येक ठिकाणी कोणीतरी एक सिप्रोस होती, आणि तिचे टॅग कचऱ्यात गेले होते.

"म्हणजे त्या सोमवारी बाकीच्यांना..." म्वेंदे म्हणाली आणि थांबली. त्यांना संदेश गेला होता, आणि मी उगीच गोड बोलून ते झाकणार नाही. सिप्रोसने तिच्या पिशवीत कागदात गुंडाळलेले चार मंदाझी, आमच्याकडचे तळलेले गोड वडे, कोंबले. "आता आहे ना यादीत," म्हणाली. "मी मेले तरी राहील. माझ्या डोक्यात होतं ते माझ्याबरोबर गेलं असतं. खा वाटेत."

शुक्रवारी मी विचारलं, सांगितलंस का ओमोलोला? म्हणाली, त्याचं जाळं फाटलंय, चिडलाय. सोमवारी सकाळी विचारलं, तर खिडकी लावून टाकली. मला वारा हवा होता तरी मी उघडली नाही.

अकरा वाजले. रांगेत फोन वाजले. पाचेक मिनिटांत किनाऱ्याकडून ओमोलो आला, ढेंगा टाकत, विजार गुडघ्यापर्यंत ओली, फोन हातात. सहा फुटी गडी. रांग बाजूला झाली. तो तिच्या टेबलाशी उभा राहिला आणि फोन तिच्यापुढे ठेवला.

"तुझा निरोप माझ्याकडे आलाय, आई."

"ठाऊक आहे." तिने वर पाहिलं नाही.

"काल तू सांगितलंस तेव्हा मी तसाच उठून गेलो. रात्रभर वाटत होतं, तू नऊ वर्षं मला घाबरत होतीस." त्याने बाहीने डोळे पुसले. एवढा गडी, सगळ्यांदेखत. "घेतलीस का आजची?"

"घेतली."

"दाखव."

"काय दाखवू? पोटात आहे ती! कामाची वेळ आहे, बाजूला हो, रांग खोळंबलीय." पण तिच्या चष्म्याच्या काचा धुरकटल्या होत्या आणि पुढचं कार्ड तिला दिसेना.

मी उठले. तिच्या दंडाला धरून तिला काट्यावर उभी केली, चहाच्या वेळी नाही, भर रांगेत. "चपला काढ," म्हटलं. तिने काढल्या. काटा स्थिर होईपर्यंत मी थांबले.

"एकसष्ट किलो," मी मोठ्याने सांगितलं. ओमोलोने ते फोनात लिहून घेतलं.